जांब समर्थमध्ये बसून कोर्टातली केस कशी शोधायची? नकलेसाठी अर्ज कुठे करायचा?

गावात जमिनीचा एखादा सौदा ठरतो. सातबारा पाहून झाला, फेरफार पाहून झाला, चतु:सीमा मोजून झाली, इसार द्यायची वेळ आली. तेवढ्यात पारावर कुणीतरी सहज बोलून जातं, "त्या गटावर तर भावकीची केस चालू आहे म्हणं." केस कुठे चालू आहे, कधीपासून, कुणी कुणावर टाकली, हे सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि विकणारा म्हणतो, "ती कधीच मिटली."

ही केस खरंच मिटली का, हे घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थमध्ये बसून मोबाईलवर पाहता येतं का?

बऱ्याच अंशी येतं. पण सगळं नाही. काय दिसतं, काय दिसत नाही आणि जे दिसत नाही ते मिळवायला कोणत्या खिडकीवर जायचं, तेच आज पाहूया.

पाहायचं कशासाठी, हे आधी सांगते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२ असं म्हणतं की, जमिनीच्या हक्काबद्दल दावा चालू असताना ती विकली, तरी खरेदीदार त्या दाव्याच्या निकालाला बांधलेला राहतो. म्हणजे खरेदीखत झालं, पैसे गेले, आणि पाच वर्षांनी निकाल विकणाऱ्याच्या बहिणीच्या बाजूने लागला, तर तुम्हाला हात चोळत बसावं लागू शकतं. "मला माहीतच नव्हतं" हे उत्तर तिथे सहसा चालत नाही.

नावावरून केस सापडते, पण नावाचं स्पेलिंग सापडलं तर

देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची माहिती 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' या सरकारी वेबसाईटवर आणि याच नावाच्या मोबाईल ॲपवर असते. पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही. चित्रातली अक्षरं ओळखून टाकायचा कॅप्चा तेवढा भरावा लागतो. ई-कोर्ट्स प्रकल्प २००७मध्ये सुरू झाला आणि सप्टेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारने त्याच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले.

वेबसाईटवर आधी राज्य, मग जिल्हा, मग न्यायालयाचं संकुल निवडायचं. इथेच पहिली अडचण येते. घनसावंगी हा पूर्वी अंबड तालुक्याचा भाग होता. त्यामुळे जांब समर्थमधलं प्रकरण फक्त एकाच न्यायालयात शोधून थांबू नका. प्रकरण किती जुनं आहे, दाव्याची किंमत किती आहे आणि गुन्हा किती गंभीर आहे, यावर ते अंबडमध्ये असेल की थेट जालन्याच्या जिल्हा न्यायालयात, हे ठरतं. जालना जिल्ह्याच्या यादीत जी संकुलं दिसतात, त्यातली ही सगळी एकेक करून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

त्यानंतर पक्षकाराचं नाव. किमान तीन अक्षरं आणि वर्ष टाकावं लागतं, शिवाय 'प्रलंबित', 'निकाली' की 'दोन्ही' तेही निवडावं लागतं. 'दोन्ही'च निवडा. पुष्कळ जण फक्त प्रलंबित पाहतात आणि केस नाही म्हणून निर्धास्त होतात. पण खालच्या कोर्टात निकाली निघालेल्या दाव्याचं अपील वरच्या कोर्टात चालू असू शकतं. निकाल लागला असेल तर तो कुणाच्या बाजूने लागला, हेही पाहायलाच हवं.

वर्षांचं म्हणाल, तर एकेक वर्ष बदलून शोधावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

आता नावाची गंमत. बहुतेक नोंदी इंग्रजी अक्षरांत भरलेल्या असतात. आपल्याकडे दर दुसऱ्या घरात एक ज्ञानेश्वर. हा 'ज्ञ' कुणी डी-एन-वाय लिहितं, कुणी डी-एन-ए, तर कुणी हिंदीच्या वळणाने जी-वाय. तिन्ही वेगळी नावं म्हणून नोंदली जातात आणि एक शोधलं की बाकीची दोन दिसत नाहीत. बायकांच्या नावांचं आणखी वेगळं. मराठवाड्यातल्या जुन्या कागदांवर बाईच्या नावापुढे 'भ्र.' म्हणजे 'भ्रतार' लिहून नवऱ्याचं नाव असतं. लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं आणि माहेरच्या वाटणीचा दावा कधी माहेरच्या, कधी सासरच्या आडनावाने दाखल होतो. म्हणून पूर्ण नाव टाकण्यापेक्षा आडनावाची पहिली चार-पाच अक्षरं टाकून येणारी यादी डोळ्यांखालून घालणं जास्त खात्रीचं. विकणाऱ्याच्या नावाने काही सापडलं नाही, तर त्याच्या वडिलांच्या, भावांच्या आणि बहिणींच्या नावानेही शोधा. वाटणीच्या दाव्यात सगळी भावकी पक्षकार असते, पण यादीत ठळकपणे पहिल्या एक-दोघांचीच नावं दिसतात.

यादीत दिसणारी अक्षरं म्हणजे काय?

केस सापडली की तिच्यापुढे आर.सी.एस., आर.सी.सी. असं काहीतरी लिहिलेलं असतं. आर.सी.एस. म्हणजे नियमित दिवाणी दावा. वाटणी, मनाई हुकूम, बांधाचा वाद, मालकी घोषित करून मागणं, हे सगळं बहुधा यात येतं. मोठ्या रकमेचे दावे 'स्पेशल' म्हणून वेगळे नोंदवतात. आर.सी.ए. म्हणजे दिवाणी अपील. आर.सी.सी. हा पोलिसांच्या दोषारोपपत्रावरून किंवा खासगी फिर्यादीवरून चालणारा फौजदारी खटला, तर एस.सी.सी. हा संक्षिप्त फौजदारी खटला. चेक न वटल्याच्या बऱ्याच केसेस यात असतात. एल.ए.आर. म्हणजे भूसंपादनाच्या वाढीव मावेजाचं प्रकरण. कालवा, तलाव किंवा रस्त्यात जमीन गेलेल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. आणि 'दरखास्त' दिसली तर जरा सावध व्हा. दरखास्त म्हणजे आधीच झालेल्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी. निकाल लागून गेलाय आणि आता ताबा किंवा पैसे वसूल करायचे आहेत, असा त्याचा अर्थ.

केस उघडल्यावर 'स्टेज' नावाचा रकाना असतो. त्यात 'एक्झिबिट ५'चा उल्लेख दिसला, तर दाव्यात तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज आहे असं समजायचं. महाराष्ट्रातल्या कोर्टांत दाव्याच्या अर्जाला निशाणी १ आणि मनाईच्या अर्जाला निशाणी ५ देण्याची जुनी पद्धत आहे. म्हणून वकील नुसतं "निशाणी पाचवर युक्तिवाद आहे" म्हणतात आणि पक्षकार मान हलवतो. जमीन घेणाऱ्यासाठी ही सगळ्यात कामाची ओळ आहे, कारण त्या अर्जावर मनाई झाली असेल तर ती जमीन विकायचीच बंदी असू शकते. खाली तारखांची यादी असते. निळ्या तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी काय झालं, ते एका-दोन ओळींत दिसतं. आदेश आणि निकालपत्र अपलोड केलेलं असेल तर तेही तिथेच उघडतं.

पण दावा, कैफियत, साक्षीपुरावे, दाखल केलेले कागद हे वेबसाईटवर दिसत नाहीत. ते फाइलमध्ये असतात.

सोळा खुणांचा नंबर जपून ठेवा

प्रत्येक केसला एक सी.एन.आर. क्रमांक असतो. अक्षरं आणि आकडे मिळून सोळा खुणा. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन आकडे न्यायालयाच्या आस्थापनेचे, सहा आकडे अनुक्रमांकाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. ई-कोर्ट्सच्या वेबसाईटवर नमुना म्हणून 'एमएचएयू०१९९९९९९२०१५' असा क्रमांक दिलेला असायचा. त्यातलं 'एयू' म्हणजे आपला शेजारचा औरंगाबाद, आताचा छत्रपती संभाजीनगर जिल्हा. देशभराच्या वेबसाईटवर उदाहरण मराठवाड्याचं!

हा क्रमांक एकदा लिहून ठेवला की नाव, वर्ष, स्पेलिंग यांची कटकट संपते. ॲपमध्ये तो जतन करता येतो. साधा फोन असेल तर 'ईकोर्ट्स' हा शब्द इंग्रजीत लिहून, जागा सोडून सी.एन.आर. टाकायचा आणि ९७६६८९९८९९ या क्रमांकावर एसएमएस करायचा, की केसची स्थिती उत्तरात येते. ज्यांना हेही जमणार नाही त्यांच्यासाठी न्यायालयांच्या आवारात ई-सेवा केंद्रं सुरू झाली आहेत. तिथे बसलेली व्यक्ती पाहून सांगते.

पुण्यात किंवा वाळूजला कंपनीत कामाला गेलेल्या पोरांनी हे सहा महिन्यांतून एकदा तरी करावं, असं मला वाटतं. कारण समन्स गावच्या पत्त्यावर जातं. घराला कुलूप असेल तर न्यायालयाच्या परवानगीने ते दाराला चिकटवूनही बजावता येतं. प्रतिवादी हजर झालाच नाही, तर दावा एकतर्फी चालतो आणि हुकूमनामा होतो. तो रद्द करून घ्यायला ३० दिवसांची मुदत आहे. समन्स रीतसर बजावलंच गेलं नसेल, तर हे ३० दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. आपल्याच जमिनीचा हुकूमनामा दरखास्तीची नोटीस घेऊन बेलिफ आल्यावर कळावा, यासारखं वाईट नाही.

पोलीस केस असेल तर?

जांब समर्थचं नाव राज्यभर पुन्हा चर्चेत आलं ते ऑगस्ट २०२२मध्ये. समर्थ रामदास स्वामींच्या या जन्मगावातल्या मंदिरातून पुरातन मूर्ती चोरीला गेल्या आणि त्याच वर्षी पुढे पोलिसांनी त्या हस्तगत केल्या. अशा प्रकरणात गावकऱ्यांना साहजिकच पडणारा प्रश्न म्हणजे, बातम्या थांबल्यावर पुढे काय होतं?

कोणत्याही फौजदारी प्रकरणाचा माग काढायचा तर सुरुवात एफआयआरपासून होते. पोलीस ठाणं, एफआयआर क्रमांक आणि वर्ष ठाऊक असेल, तर ई-कोर्ट्सवर 'एफआयआर क्रमांकावरून शोधा' असा वेगळा पर्याय आहे. क्रमांक माहीत नसेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर' या भागात जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून पाहता येतं. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी युथ बार असोसिएशनच्या याचिकेवर आदेश दिला, तेव्हापासून एफआयआर साधारण २४ तासांत ऑनलाईन टाकणं बंधनकारक आहे. लैंगिक गुन्हे, दहशतवाद, बंडखोरी अशी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळलेली आहेत.

दोषारोपपत्र मात्र असं खुलं नाही. तेही वेबसाईटवर टाकावं, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी फेटाळली. दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, आणि ते कुणालाही वाटलं तर आरोपी, पीडित आणि तपास, तिघांच्याही हक्कांना धक्का लागू शकतो, असं न्यायालयाचं म्हणणं. आरोपीला त्याची प्रत फुकट मिळते. इतरांना न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो.

चोरीतून हस्तगत केलेल्या वस्तूला 'मुद्देमाल' म्हणतात, मग ती दुचाकी असो की देवाची मूर्ती. मुद्देमाल परत द्यायचा तर न्यायालयाचा आदेश लागतो. खटला संपायच्या आधीही तो अटींवर ताब्यात देता येतो. म्हणून 'आमची वस्तू कुठे अडकलीय' असा प्रश्न असेल, तर ठाण्यात फेऱ्या मारण्याआधी त्या गुन्ह्याच्या क्रमांकाखाली न्यायालयात मुद्देमालाचा अर्ज झालाय का आणि त्यावर काय आदेश झाला, हे पाहावं.

नक्कल म्हणजे झेरॉक्स नव्हे

वेबसाईटवरून डाउनलोड केलेला आदेश माहितीसाठी ठीक आहे. अपील करायचं, तलाठ्याकडे नोंद घ्यायला द्यायचं किंवा बँकेत दाखवायचं, तर प्रमाणित नक्कल लागते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ७५मध्ये तिचा आधार आहे. ज्या सार्वजनिक दस्तऐवजाची पाहणी करायचा हक्क आहे, त्याची प्रत शुल्क घेऊन द्यायला हवी, असं ते कलम सांगतं. १ जुलै २०२४च्या आधी हीच तरतूद जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ७६मध्ये होती, त्यामुळे अजूनही अनेकांच्या तोंडी ७६च आहे.

न्यायालयात नक्कल विभाग असतो. अर्जात केस नंबर, पक्षकारांची नावं, न्यायालय, निकालाची तारीख आणि नेमके कोणते कागद हवेत ते लिहायचं. 'सर्व कागदपत्रे' असं लिहू नका, पानांप्रमाणे शुल्क वाढतं आणि वेळही जातो. 'निशाणी १ दावा, निशाणी ५वरील आदेश, निकालपत्र, हुकूमनामा' असं लिहा. अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, सांगतील ती रक्कम भरायची आणि पोच घ्यायची. केस निकाली निघून बराच काळ झाला असेल तर फाइल अभिलेख कक्षातून मागवावी लागते. अपील झालं असेल तर मूळ फाइल वरच्या न्यायालयात गेलेली असू शकते, मग अर्ज तिथे.

नकलेच्या शेवटी शिक्का असतो. त्यावर अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली या तारखा असतात. कुणी त्याकडे पाहत नाही, पण अपिलाचं गणित त्यावर चालतं. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात, उच्च न्यायालयात ९० दिवस. मुदत कायद्याच्या कलम १२नुसार नक्कल मिळवायला लागलेला आवश्यक वेळ त्यातून वजा होतो. मात्र नक्कल तयार असून तुम्हीच आठ दिवस गेला नाहीत, तर ते आठ दिवस तुमच्या खात्यात. म्हणून निकाल विरोधात गेला, तर 'बघू नंतर' न म्हणता त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्यावा.

मी त्या केसमध्ये नाही. मला नक्कल मिळेल?

मिळू शकते, पण हक्क म्हणून लगेच नाही. तिऱ्हाईत माणसाने कारण द्यावं लागतं, बहुतेक वेळा शपथपत्रासह, आणि न्यायाधीशांची परवानगी लागते. 'ही जमीन मी खरेदी करणार आहे, म्हणून निकालपत्राची नक्कल हवी' हे कारण पुरेसं स्पष्ट आहे. 'सहज पाहायचंय' हे नाही.

मग माहितीचा अधिकार वापरावा का? दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज टाकायची आपल्याकडे सवय झाली आहे. पण इथे तो मार्ग बंद आहे. ४ मार्च २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, न्यायालयीन कागदपत्रांच्या प्रती देण्यासाठी उच्च न्यायालयाचे स्वतःचे नियम आहेत, तेव्हा प्रती त्याच नियमांनी मागा. न्यायालयाच्या प्रशासकीय कारभाराची माहिती या कायद्याखाली मागता येते, केसच्या फाइली नाही.

अमेरिकेत 'काउंटी' म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग असतो. तिथल्या क्लर्कच्या कार्यालयात जाऊन बहुतेक दाव्यांची फाइल कुणीही पाहायला मागू शकतं, कारण द्यावं लागत नाही. तिथल्या संघीय न्यायालयांचे कागद तर 'पेसर' नावाच्या प्रणालीवर पानाला दहा सेंट भरून दिसतात. आपल्याकडे याउलट आहे. केसची स्थिती आणि आदेश फुकट आणि घरबसल्या, पण फाइल बंद. मला स्वतःला वाटतं, निकाली निघालेल्या जमिनीच्या दाव्यांत तरी दावा आणि कैफियत खुली असायला हरकत नाही. गावातले निम्मे व्यवहार त्याच माहितीअभावी फसतात.

काही गोष्टी मात्र बंदच राहायला हव्यात आणि राहतात. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२खाली गुन्हा आहे. पॉक्सोच्या आणि बालन्याय मंडळापुढच्या प्रकरणांत मुलांची नावं देता येत नाहीत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२मुळे घटस्फोटाची सुनावणी बंद दालनात होते आणि ती छापताही येत नाही. ई-कोर्ट्सवर अशी केस दिसली तरी नावं झाकलेली असतात. तुम्हाला गावातल्या कुणाची अशी केस कळली, तर तिचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं महागात पडू शकतं.

केस कोर्टात नाहीच, तहसीलमध्ये आहे

हे वारंवार होतं. लोक 'कोर्टात केस आहे' म्हणतात आणि ती असते तहसीलदारांपुढे. शेतरस्ता अडवल्याचं प्रकरण मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६च्या कलम ५खाली तहसीलदार चालवतात. बांधावरून नवीन रस्ता मागणं महसूल संहितेच्या कलम १४३खाली. फेरफाराविरुद्धचं अपील उपविभागीय अधिकाऱ्यांकडे. यातलं काहीही ई-कोर्ट्सवर सापडणार नाही. महसुली प्रकरणांसाठी राज्य सरकारची 'ई-क्यूजे कोर्ट' ही वेगळी प्रणाली आहे आणि ती पाहूनही तहसील कार्यालयात एकदा विचारावंच. सगळी प्रकरणं तिथे चढवलेली असतील, यावर मी तरी विसंबणार नाही. या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळतात.

आजोबांच्या काळातली केस

इथे काम अवघड होतं. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी अंबड भाग औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणीत. त्यामुळे १९८१च्या आधीचा हुकूमनामा जालन्यात सापडला नाही, तर तो नाहीच असं समजू नका. जुन्या जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातही विचारा. त्याहून मागे, सप्टेंबर १९४८पर्यंत, हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कारभार उर्दूत. घरातल्या ट्रंकेत सापडलेला कागद वाचता येत नाही, तो यामुळे. २०२३मध्ये याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद वाचणाऱ्यांची गरज एकदम सगळ्यांच्या लक्षात आली.

निकाली निघालेल्या केसची फाइल कायमची ठेवत नाहीत. कागदांचे ए, बी, सी, डी असे वर्ग करतात आणि ठराविक वर्षांनी खालच्या वर्गातले कागद नष्ट करतात. निकालपत्र आणि हुकूमनामा सर्वात जास्त काळ टिकतो, साक्षी आणि किरकोळ अर्ज आधी जातात. पूर्ण फाइल नसली, तरी नोंदवहीत केस नंबर, पक्षकार आणि निकाल यांची ओळ सापडू शकते. तेवढीही मिळाली तर १९५४-५५च्या खासरा पत्रकाशी आणि त्यानंतरच्या फेरफारांशी ती जुळवून पाहता येते. कोर्टाच्या हुकुमावरून नाव लागलं असेल, तर फेरफारात बहुधा केस नंबर लिहिलेला असतो. खरं तर जुन्या केसचा शोध तिथूनच सुरू करावा. आधी फेरफार काढा, त्यातला नंबर घ्या आणि मग कोर्टात जा.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. टोल-फ्री क्रमांक १५१०० आहे. फोन करताना सी.एन.आर. हाताशी ठेवा, पहिला प्रश्न बहुतेक तोच असेल.